फुकुओकाहून एका दिवसाची रेल्वेसहल आणि रात्रीचे यताई : दिवस नेमका कुठे घालवावा?

रूळांतर

जपानला येणाऱ्या मराठी प्रवाशांचे बेत पाहिले, तर तोक्यो, क्योतो, ओसाका आणि फार तर हिरोशिमा इथवर येऊन ते संपतात. क्युशू बेटावरच्या फुकुओकापर्यंत थोडेच लोक पोचतात, आणि जे पोचतात त्यांना बहुधा दोन गोष्टींचे आकर्षण असते : दिवसा गाडीने आसपास भटकणे आणि रात्री यताईवर, म्हणजे पदपथावर लागणाऱ्या खाण्याच्या गाड्यांवर, बसून जेवणे. ही दोन्ही कामे एकाच दिवसात कशी बसवावीत, अशी विचारणा मला वरचेवर होते. नोकरीनिमित्त मी याच शहरात राहतो, म्हणून माझे मत येथे सविस्तर मांडतो आणि इतरांनी त्यात भर घालावी, अशी विनंती करतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे, की या शहरात सहलीचे ठिकाण रात्रीच्या जेवणाकडे पाहून निवडावे. यताई संध्याकाळी सहाच्या सुमारास सुरू होतात. सात वाजून गेल्यावर चांगल्या ठिकाणी जागा मिळणे अवघड होते, कारण एका गाड्यावर जेमतेम दहा माणसे बसतात. त्यामुळे परतीच्या गाडीने आपल्याला सहाच्या आसपास थेट यताईंच्या दारात आणून सोडावे, हे उत्तम. हे काम जेआरच्या, म्हणजे जपानमधील मुख्य रेल्वे कंपन्यांच्या, गाड्या करत नाहीत. निशितेत्सु या खासगी कंपनीची तेन्जिन-ओमुता लाईन करते. तिचे शेवटचे स्थानक तेन्जिन या बाजारपेठेच्या भागात आहे, आणि यताईंची एक मोठी रांग तिथून चालत पाच मिनिटांवर लागते.

या मार्गावर दाझाइफु आणि यानागावा ही दोन गावे एका दिवसात आरामात होतात. सकाळी आधी दाझाइफु करावे. त्यासाठी निशितेत्सु फुत्सुकाइची स्थानकावर गाडी बदलून दोन स्थानकांच्या छोट्या फाट्यावर जावे लागते. तेन्जिनपासून एकूण अर्धा तास आणि भाडे सुमारे ४०० येन. येथील तेनमानगू देवस्थान सुगावारा नो मिचिझाने या विद्वान मंत्र्याचे आहे. दरबारी कारस्थानामुळे त्याला ९०१ मध्ये क्योतोहून येथे हद्दपार करण्यात आले आणि ९०३ मध्ये तो येथेच वारला. त्यानंतर राजधानीवर ओढवलेली संकटे त्याच्या कोपामुळे आली, असे लोकांनी मानले आणि त्याला देवत्व दिले. आज तो विद्येचा देव आहे. परीक्षेच्या हंगामात विद्यार्थ्यांची जी रांग लागते, ती पाहून आपल्याकडची दहावी-बारावीची मुले आठवतात. मुख्य मंदिराच्या दुरुस्तीच्या काळासाठी २०२३ मध्ये समोरच एक तात्पुरते मंदिर बांधण्यात आले. त्याच्या छपरावर चक्क झाडे लावली होती. दहानंतर पर्यटकांच्या बसगाड्या येऊ लागतात, म्हणून त्याआधी दर्शन उरकावे.

स्थानकापासून देवळापर्यंतच्या रस्त्यावर उमेगाए मोची मिळते. तांदळाच्या पिठाच्या पातळ पारीत लाल अझुकी डाळीचे गोड पुरण भरून ते बिडाच्या साच्यात भाजतात आणि वर आलुबुखाराच्या फुलाचा छाप उमटतो. बाहेरून कुरकुरीत, आतून चिकट आणि गरम असताना जीभ पोळेल इतकी तापलेली. दाराशीच उभे राहून खावी, डब्यात भरून आणू नये. महिन्याच्या २५ तारखेला पारीत योमोगी नावाचा पाला घातलेली हिरवी मोचीही मिळते.

दाझाइफुहून पुन्हा फुत्सुकाइचीला येऊन द्रुतगती गाडीने यानागावा गाठावे. या गाड्यांना तोक्क्यू म्हणत असले, तरी त्यांना वेगळे जादा भाडे पडत नाही. यानागावा हे कालव्यांचे गाव आहे. जुन्या किल्ल्याभोवतीच्या आणि शेतीसाठी काढलेल्या चरांतून लांब बांबूने ढकलत नेणाऱ्या सपाट नावांतून तासाभराचा फेरफटका होतो. काही पूल इतके बुटके आहेत, की नावाड्यासह सगळ्यांना वाकावे लागते. थंडीत नावेत कोतात्सु, म्हणजे पांघरुणाने झाकलेले ऊबदार मेज, ठेवतात. नाव ओकिनोहाता भागात सोडते आणि तिथेच वामीची खाणावळ शोधावी. यानागावाची पद्धत अशी, की वाम भाजून, गोडसर सॉस मुरवलेल्या भातावर ठेवून, लाकडी पेटीत सगळे एकत्र वाफवतात आणि वर अंड्याच्या बारीक पट्ट्या पसरतात. चार हजार येन किंवा त्याहून अधिक मोजावे लागतात आणि वाफवायला वेळ लागतो. पण भातात उतरलेली ती चव दुसऱ्या कोणत्याही पद्धतीत मिळत नाही, असे माझे ठाम मत आहे. रेल्वे आणि नाव यांचे एकत्र तिकीटही निशितेत्सु विकते. चार-साडेचारला निघालात, की तेन्जिनला वेळेत पोचता.

आगगाडीवेडा

आपले लेखन नेहमीप्रमाणे नेटके आहे. परंतु निष्कर्षाशी मी सहमत नाही. जेआरचा पास काढून आलेल्या माणसाने खासगी मार्गावर वेगळे पैसे का खर्चावेत? शिवाय फुकुओकाला येऊन नागासाकी न पाहता परतणे मला पटत नाही.

हाकाता (फुकुओकाचे जेआरचे मुख्य स्थानक) ते नागासाकी हा प्रवास रेल्वेच्या दृष्टीने आज जपानमधील सर्वांत विचित्र प्रवास आहे. हाकाताहून ‘रिले कामोमे’ ही साध्या मार्गावरची गाडी ताकेओ-ओन्सेनपर्यंत जाते, तिथे त्याच फलाटाच्या समोरच्या बाजूला ‘कामोमे’ ही शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, उभी असते आणि प्रवासी चार पावले टाकून त्यात बसतात. २३ सप्टेंबर २०२२ रोजी सुरू झालेला हा ६६ किलोमीटरचा शिनकानसेनचा तुकडा देशातील उरलेल्या जाळ्याला कुठेही जोडलेला नाही. कारण असे, की मधल्या सागा प्रांताला नव्या मार्गाचा खर्च मान्य नाही. शिनकानसेनचे रूळ साध्या मार्गापेक्षा रुंद असतात, म्हणून दोन्ही मापांच्या रुळांवर धावणारी गाडी बनवून हा प्रश्न सोडवण्याचा विचार होता, पण ते तंत्र जमले नाही. तरीही हाकाता ते नागासाकी साधारण एक तास वीस मिनिटांत होते. पूर्वी थेट जाणारी गाडी आरिआके समुद्राच्या काठाकाठाने धावत असे, तो देखावा मात्र या नव्या मार्गाने हिरावला. बोगद्यांतून काय दिसणार!

रात्री साडेसातला तिथून निघाले तरी नऊला हाकाता. यताई मध्यरात्रीनंतरही चालू असतात, तेव्हा आपला सहाचा आग्रह मला अनावश्यक वाटतो.

पिठलंभाकरी

दोन्ही प्रतिसाद वाचले. माझा प्रश्न वेगळा आहे. आई-बाबा बरोबर असतील आणि दोघेही शाकाहारी आहेत. बाबा अंडे खातात, आई तेही खात नाही. तोन्कोत्सु रामेन हे डुकराच्या हाडांचे कालवण आहे, एवढे मला ठाऊक आहे. अशा माणसांना यताईवर नेण्यात अर्थ आहे का? की त्यांना खोलीवर जेवू घालून आम्ही दोघांनीच रात्री बाहेर पडावे?

वसईचा_वारा

आगगाडीवेडा यांच्या मताला माझा पाठिंबा आहे, पण कारण निराळे आहे. नागासाकी स्थानकातून बाहेर पडून पाच मिनिटे चढ चढले, की निशिझाका टेकडी लागते. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्या आज्ञेवरून ५ फेब्रुवारी १५९७ रोजी सव्वीस ख्रिस्ती लोकांना तिथे क्रुसावर चढवण्यात आले. त्यांतला एक आमच्या वसईचा होता : गोन्सालो गार्सिया. पोर्तुगीज बाप आणि इथलीच आई यांच्या पोटी वसईत जन्मलेला हा मुलगा लहान वयातच धर्मगुरूंबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला, मध्यंतरी व्यापारात रमला आणि पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन बंधू होऊन दुभाषा म्हणून पुन्हा जपानला परतला. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळाले. त्याच्या नावाचे चर्च आणि महाविद्यालय वसईत आहे, हे इथल्या अनेकांना माहीत असेलच.

टेकडीवरच्या भिंतीवर सव्वीस जणांच्या कांस्यमूर्ती एका ओळीत आहेत आणि मागे १९६२ मध्ये उघडलेले संग्रहालय आहे. मूर्ती जमिनीवर उभ्या नाहीत, त्यांचे पाय खाली लोंबकळत आहेत. हे ध्यानात यायला थोडा वेळ लागतो आणि मग नजर हलत नाही. यांतल्या बहुतेकांना क्योतोपासून भर हिवाळ्यात चालवत इथवर आणले होते. वसई-विरारचा माणूस फुकुओकापर्यंत आला आणि दीड तासावरचे हे ठिकाण चुकवून गेला, तर हळहळ वाटेल. यानागावाची वाम काय, पुढच्या खेपेसही मिळेल.

रूळांतर

वसईचा_वारा, या मुद्द्यापुढे माझी वाम खरोखरच फिकी आहे. ज्यांना निशिझाकाला जायचे आहे त्यांनी अवश्य नागासाकीला जावे. पण मग तो दिवस नागासाकीचाच मानावा. तिथे अणुबॉम्बविषयीचे संग्रहालय आहे, देजिमा ही डच व्यापाऱ्यांची जुनी वसाहत आहे, ट्रामगाड्या आहेत आणि रात्रीचे शहर पाहायचे तर इनासा डोंगर आहे. साडेसातच्या गाडीसाठी हे सगळे अर्धवट सोडणे योग्य नव्हे. रात्री तिथेच चानपोन हा शेवयांचा स्थानिक पदार्थ खावा आणि उशिराच्या गाडीने परतावे. माझे म्हणणे एवढेच, की नागासाकी आणि यताई एकाच दिवशी गाठायला गेलात, तर दोन्हींना न्याय मिळत नाही.

आगगाडीवेडा, पासाविषयी बोलायचे, तर ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा देशव्यापी साधा पास २९,६५० येनांवरून ५०,००० येनांवर गेला. तेव्हापासून ‘पास आहे म्हणून लांब जावे’ हा हिशेब पूर्वीइतका सरळ राहिलेला नाही. फक्त क्युशूपुरते पास स्वस्त आहेत, परंतु ते हाकाता ते कोकुरा या शिनकानसेनवर चालत नाहीत, कारण तो तुकडा दुसऱ्या जेआर कंपनीचा आहे. ही बाब तिकीट तपासनीसाकडून कळण्याऐवजी आधी कळलेली बरी. आपल्यासारख्या रेल्वेप्रेमीसाठी एक स्वस्तातले आमिषही सांगून ठेवतो : हाकाता ते हाकाता-मिनामी. शिनकानसेनच्या आगाराकडे जाणाऱ्या या मार्गावर तीनशेच्या वर थोड्या येनांत खऱ्या शिनकानसेन गाडीत दहाएक मिनिटे बसता येते. पाहण्यासारखे तिथे काही नाही.

पिठलंभाकरी, आपल्या प्रश्नाचे उत्तर कटू आहे, पण स्पष्ट द्यायला हवे. आईसाठी यताईवर जवळजवळ काहीही नाही. भाज्यांच्या सळया मीठ लावून भाजून देतात, पण त्याच जाळीवर कोंबडी आणि डुकराचे मांस भाजलेले असते. ओदेन या रस्सेदार पदार्थातला मुळा आणि तोफू दिसायला निरुपद्रवी असले, तरी ते माशाच्या पाण्यात उकळलेले असतात. यताईवर कच्चे पदार्थ द्यायला मनाई आहे आणि प्रत्येक पदार्थ वाढण्याआधी गरम करावा लागतो, त्यामुळे कोशिंबिरीसारखे काही मागण्याचीही सोय नाही. शिवाय प्रत्येक माणसाने निदान एक पदार्थ आणि एक पेय घ्यावे, अशी सर्वत्र अपेक्षा असते. दहा जागांच्या गाड्यावर न खाणारी दोन माणसे बसवणे मालकाला परवडत नाही.

म्हणून असे सुचवतो : दाझाइफुची मोची आई निर्धास्तपणे खाऊ शकतील. संध्याकाळी त्यांना एखाद्या भारतीय खाणावळीत जेवण द्यावे. तेन्जिन आणि हाकाता या दोन्ही भागांत त्या आहेत. नंतर सगळ्यांनी नदीकाठाने फेरफटका मारून यताई बाहेरूनच पाहावेत. चोवीस तास उघड्या दुकानांतला भाताचा त्रिकोणी ओनिगिरी घेताना वरचे लेबल फोनच्या कॅमेऱ्याने वाचावे. आतले सारण उमेबोशी या खारवलेल्या आंबट फळाचे किंवा समुद्रशेवाळाचे असले, तरी त्यात बरेचदा माशाचा अर्क असतो.

कावेरी_निशिकासाई

मी तोक्योकर, परंतु फुकुओकाला कामासाठी येणे होते, म्हणून यताईविषयी थोडी भर घालते. धाग्यावर सगळे यताई एकाच मापाने मोजले जात आहेत, हे खटकले.

तीन भाग वेगवेगळे आहेत. नाकासुची नदीकाठची रांग छायाचित्रांत दिसते ती, आणि म्हणूनच तिथे प्रवासी सर्वाधिक आणि दरही थोडे चढे. तेन्जिनमध्ये कार्यालयांतून सुटलेले स्थानिक लोक बसतात आणि पदार्थांत विविधता अधिक. नागाहामा हा मासळीबाजाराजवळचा भाग. तिथली रांग एके काळी जवळजवळ नामशेष झाली होती आणि २०२३ मध्ये नव्या परवानेधारकांनी ती पुन्हा उभी केली. रामेनप्रेमींनी नागाहामाचा इतिहास लक्षात ठेवावा. बाजारातल्या घाईच्या माणसांसाठी शेवया चटकन शिजाव्यात म्हणून त्या बारीक केल्या गेल्या. बारीक शेवया कालवणात लगेच मऊ पडतात, म्हणून पहिल्या वाडग्यात त्या कमी घालायच्या आणि संपल्या, की उरलेल्या कालवणात शेवयांचा दुसरा घास टाकून घ्यायचा. याला काएदामा म्हणतात. त्यामुळे कालवण आधीच पिऊन संपवू नये. शेवया किती कडक हव्यात हेही विचारतात. ‘काता’ म्हणावे, त्याहून कडक हव्या असतील तर ‘बारीकाता’.

यताई आज दिसतात ते नगरपालिकेच्या धोरणामुळे. युद्धानंतर सुरू झालेले हे गाडे १९६० च्या दशकात चारशेच्या वर गेले होते. पुढे रस्ता अडतो, सांडपाणी होते, वास येतो अशा तक्रारी वाढल्या आणि परवाना चालू मालकापुरता व त्याच्या घरच्यांपुरता मर्यादित झाला, म्हणजे संख्या आपोआप शून्यावर येणार होती. २०१३ मध्ये शहराने यताईंसाठी स्वतंत्र नियमावली केली. जपानमधली ही पहिलीच. तिच्यात परवाना दुसऱ्याच्या नावावर चालवण्यास बंदी आली आणि नव्या मालकांची जाहीर निवड सुरू झाली. त्या निवडीत एका फ्रेंच माणसालाही गाडा मिळाला. आज शंभराच्या आसपास यताई आहेत. पुण्या-मुंबईत हातगाड्यांवरून जो वाद चालतो तो पाहता, हटवणे आणि दुर्लक्ष करणे यांपलीकडचा हा तिसरा मार्ग मला फार विचारपूर्वक आखलेला वाटतो.

एकदा तरी संध्याकाळी पाचला तेन्जिनच्या पदपथावर उभे राहावे. गाडा ओढत आणणारे लोक तो ठरलेल्या चौकोनात लावतात, पाणी आणि वीज जमिनीतल्या जोडणीतून घेतात, फळ्या उघडून बाके मांडतात, आणि तासाभरात तीन मीटर लांबीचे उपाहारगृह उभे राहते. पहाटेपर्यंत ते पुन्हा मिटवून, पदपथ धुऊन जावे लागते. सकाळी कामावर जाणाऱ्याला तिथे काही होते याची खूणही दिसत नाही.

सायसंध्या

कावेरीताई, फार उपयुक्त माहिती. मी एकटी येणार आहे. रात्री अकरानंतर एकट्या बाईने यताईवर बसणे आणि तिथून परतणे कितपत सोयीचे आहे? आणि शेवटची गाडी चुकली तर?

कावेरी_निशिकासाई

सायसंध्या, बसायला काहीच अडचण नाही. एकट्या माणसाला उलट लवकर जागा मिळते, कारण दोघांच्या जोड्यांमध्ये एखादी फट राहतेच. शेजारचे लोक बोलायला लागतात आणि ते या जागेचे वैशिष्ट्यच आहे. मात्र अर्ध्या-पाऊण तासात उठावे. मागे लोक उभे असतात. गाड्यावर स्वच्छतागृह नसते, जवळचे सार्वजनिक कुठे आहे ते आधीच पाहून ठेवावे. बरेच गाडे आजही रोख पैसेच घेतात. फलकावर किमती लिहिलेल्या असतात. ज्या गाड्यावर त्या दिसत नाहीत तिथे बसू नये.

एक सावधगिरी सांगते. नाकासु हे बेट म्हणजे मद्यालये आणि त्याहून पुढच्या व्यवसायांचाही भाग आहे. नदीकाठची यताईंची रांग उजेडाची आणि वर्दळीची असते. मात्र आतल्या गल्ल्यांत गिऱ्हाइके ओढणारे लोक उभे असतात, त्यांच्याकडे न पाहता पुढे जावे. पहिल्या रात्री तेन्जिनच निवडावे, असे माझे मत आहे.

भुयारी रेल्वे मध्यरात्रीच्या सुमारास थांबते. पण इथे तोक्योसारखी शेवटच्या गाडीची धास्ती नाही. हाकाता स्थानक ते तेन्जिन अंतर साधारण दोन किलोमीटर आहे आणि नाकासु त्यांच्या मधोमध येते. या पट्ट्यात मुक्काम केल्यास पायी परतता येते. विमानतळही हाकाताहून भुयारी गाडीने पाच मिनिटांवर आहे.

आगगाडीवेडा

मघाशी मी सहाचा आग्रह अनावश्यक म्हटले होते. कावेरीताईंनी लिहिलेले पाहता गाडा लावतानाची वेळ पाहायची असेल, तर तो आग्रह रास्त आहे, हे मान्य करतो. मात्र नागासाकीचा माझा हट्ट कायम आहे. मुक्कामाला दोन दिवस असतील, तर पहिला नागासाकीला आणि दुसरा यानागावाला द्यावा, म्हणजे यताईची रात्र दुसऱ्या दिवशी येईल.

रूळांतर

हा क्रम मलाही मान्य आहे, फक्त हवामान पाहून तो उलटवण्याची तयारी ठेवावी. मुसळधार पाऊस किंवा वादळी वारा असला, की यताई लागतच नाहीत. अनेकांची सुट्टी रविवारी असते आणि वर्षारंभीचे काही दिवस बहुतेक बंद असतात. यानागावाच्या नावाही वादळात सुटत नाहीत. नागासाकीचे संग्रहालय आणि शिनकानसेन यांना पावसाचे फारसे सोयरसुतक नसते. म्हणून दोन दिवसांपैकी ज्या दिवशी पावसाचा अंदाज असेल तो नागासाकीला द्यावा आणि कोरडा दिवस यानागावा व यताई यांच्यासाठी राखून ठेवावा. जून-जुलैच्या पावसाळ्यात येणाऱ्यांनी शक्य असल्यास तीन रात्री धराव्यात.